दुसऱ्यांदा ग्रेड चार : पियानोच्या परीक्षेतल्या भीतीचं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या एका विद्यार्थिनीचं आहे. त्यांना विचारून आणि आधी वाचायला देऊन लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना काकू म्हणतो, त्या मला सर म्हणतात. इथेही तेच ठेवतो.

पार्श्वभूमी

काकू पुण्यात राहतात, बँकेत नोकरी करतात. वय तेव्हा ५२. शाळा-कॉलेजच्या वयात त्या पेटी शिकल्या आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिल्या. मग नोकरी, लग्न, बदल्या. पेटी माळ्यावर गेली. मुलगी शिकायला परगावी गेली तेव्हा तिचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घरात तसाच पडून राहिला. त्यावर भजनं वाजवता वाजवता काकूंना वाटायला लागलं, की दोन्ही हातांनी वाजवणं आपल्यालाही यायला हवं. माझ्याकडे आल्या तेव्हा त्या ४७ वर्षांच्या होत्या.

पेटीने त्यांना काय दिलं आणि कुठे नडली, हे आधी सांगतो, कारण पुढचं बरंचसं त्यावर उभं आहे. कान उत्तम. एकदा ऐकलेली ओळ जशीच्या तशी गुणगुणायच्या. उजवा हात तयार होता. डावा हात मात्र वर्षानुवर्षं भाता हलवत आलेला. पेटीवाल्याचा डावा हात लयीत हलतो, हवा भरतो, पण त्याच्या बोटांना एकेकटं काम करायची सवय नसते. शिवाय पेटीची पट्टी जोरात दाबा नाहीतर हळू दाबा, आवाज लहानमोठा होतो तो भात्यामुळे. पियानोवर तेच काम बोटाच्या वजनाने आणि वेगाने करावं लागतं. घरातल्या त्या हलक्या कीबोर्डवर हा फरक फारसा कळतच नव्हता.

परीक्षा एबीआरएसएमची होती. संगीताच्या परीक्षा घेणारं लंडनचं हे बोर्ड १८८९ पासून चालू आहे. परीक्षकासमोर बसून द्यायच्या परीक्षेत एकूण १५० गुण: तीन पीस, म्हणजे तयार करून आणलेल्या रचना, प्रत्येकी ३०, स्केल (क्रमाने चढणारे-उतरणारे सूर) आणि आर्पेजिओ (एका कॉर्डचे सूर एकामागून एक) २१, साइट रीडिंग, म्हणजे आधी न पाहिलेलं नोटेशन बघून वाजवणं, २१, आणि कान किती तयार आहे ते पाहणारी ऑरल १८. उत्तीर्ण व्हायला १००, मेरिटला १२०, डिस्टिंक्शनला १३०. खालच्या ग्रेड दिल्याशिवाय वरची देता येत नाही, असा ग्रेड चारसाठी नियम नाही. म्हणून मी काकूंना थेट चारला बसवलं. त्यांचं वाजवणं त्या पातळीचं होतं, यात मला शंका नव्हती. पण पाश्चात्त्य पद्धतीची ही त्यांची पहिलीच परीक्षा आहे, ही गोष्ट मी हिशेबात धरली नाही. या प्रकरणातला पहिला चुकलेला निर्णय माझा आहे.

पहिली परीक्षा

पावसाळ्याचे दिवस. बाहेरच्या खोलीत नऊ-दहा वर्षांची मुलं, पांढरे मोजे, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नोटेशनची पुस्तकं. एका आईने काकूंना आपुलकीने विचारलं, "कुणाला घेऊन आलात?" काकू म्हणाल्या, "मीच आहे." एवढ्यानेच त्यांच्या हाताला घाम सुटला.

परीक्षेच्या खोलीत शिक्षकाला जाता येत नाही, त्यामुळे पुढचं त्यांनी सांगितलेलं. त्यांच्या आधी एक लहान मुलगा होता. त्याच्यासाठी स्टूल अगदी वर चढवलेलं होतं. काकू त्याच्यावर बसल्या, गुडघे पियानोच्या खालच्या कडेला टेकले, कोपरं पट्ट्यांच्या बरीच वर आली. बाजूची मूठ फिरवून स्टूल खाली घ्यायला हवं, हे त्यांना कळत होतं. परीक्षक थांबलेत, त्यांचा वेळ कशाला घ्या, या संकोचाने त्या तशाच बसून राहिल्या. पंधरा मिनिटांची अख्खी परीक्षा त्यांनी त्या उंचीवर वाजवली. थोडंसं वाजवून पियानो बघून घ्यायची मुभा असते, तीही त्यांनी घेतली नाही.

सुरुवात त्यांनी सगळ्यात अवघड पीसने केली, एकदाचा संपून जाऊ दे म्हणून. क्लेमेंटी या संगीतकाराच्या एका सोनाटिनेतला, म्हणजे छोट्या सोनाटातला, वेगवान भाग. घरी वाजवायच्या त्यापेक्षा बराच वेगात सुरू झाला. पहिलं पान संपता संपता डावा हात चुकला. त्या थांबल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. त्याच जागी पुन्हा थांबल्या. तिसऱ्यांदा नुसत्या उजव्या हाताने कसाबसा शेवट गाठला.

गुणपत्रिका अशी आली: पीस २१, १७ आणि क्लेमेंटी १६, स्केल १३, साइट रीडिंग १२, ऑरल १५. एकूण ९४. सहा गुण कमी.

पर्समधून चार घड्या घातलेला त्याचा प्रिंट काढून माझ्यासमोर ठेवत काकू म्हणाल्या, "सर, घरी येत होतं हो."

नेमकं कुठे बिघडलं

"घरी येत होतं" हे वाक्य प्रत्येक संगीतशिक्षकाने शेकडो वेळा ऐकलेलं असतं आणि बहुतेकदा ते खरं असतं. मी त्यांना म्हटलं, घरी कसं येत होतं ते सविस्तर सांगा. त्यांनी सांगितलं: रोज संध्याकाळी पाऊण तास. क्लेमेंटी पहिल्यापासून शेवटपर्यंत. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. सात-आठ वेळा झालं की हात बसायचा, मग दोनदा छान जायचं, आणि त्या समाधानाने उठायच्या.

म्हणजे त्यांच्या मनातला "घरी येणारा" क्लेमेंटी हा नववा किंवा दहावा होता. परीक्षेत पहिलाच मोजतात. पहिला कसा जातो, ते त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं, कारण तो चुकायचा आणि त्या तो विसरून जायच्या.

मग मी नोटेशनच्या दुसऱ्या पानावर मधेच बोट ठेवलं. "इथून वाजवा." काकूंनी हात पट्ट्यांवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. ओठ हलत होते. मागून सूर म्हणत म्हणत त्या जागेपर्यंत यायचा प्रयत्न चालला होता. अर्धं मिनिट गेलं. मग म्हणाल्या, "पहिल्यापासून घेऊ का?"

माझ्या दृष्टीने निदान त्या अर्ध्या मिनिटात झालं. पीस त्यांच्या हातात एका लांब साखळीसारखा बसला होता, प्रत्येक कडी आधीच्या कडीला अडकलेली. मधली एक निसटली की पुढची हाताला लागत नाही आणि परत जायला पहिल्या बारशिवाय (बार म्हणजे नोटेशनमध्ये उभ्या रेघांनी पाडलेला एक छोटा भाग) दुसरी जागा नसते. घाबरल्यावर ही साखळी हमखास तुटते, कारण आपोआप चालणाऱ्या हाताकडे आपण एकदम लक्ष देऊन बघायला लागतो.

शरीराचीही बाजू होती. भीती वाटली की अॅड्रेनलीन सुटतं, हृदय जोरात चालतं, हातापायांच्या कातडीखालचं रक्त आत ओढलं जातं आणि बोटं गार पडतात. काकूंची बोटं अक्षरशः बर्फ झाली होती. छाती धडधडत असताना नेहमीचा वेग संथ वाटतो, म्हणून माणूस नकळत पळायला लागतो.

आणखी एक गोष्ट काकूंनी स्वतःहून सांगितली, ती मला कधी सुचली नसती. "मॅडम काहीच बोलल्या नाहीत. मी वाजवलं, त्या लिहीत राहिल्या. मला वाटलं, संपलं सगळं." काकू बैठकीच्या जगात वाढलेल्या. तिथे समोरचा मान हलवतो, समेवर हात पडतो, चांगली जागा घेतली की "वा" येतेच. ऐकणारा गप्प बसला तर काहीतरी बिनसलंय, असा तिथला अर्थ. या परीक्षेत परीक्षक मुद्दाम तटस्थ राहतात आणि दोन पीसच्या मधे फक्त लिहिण्याचा आवाज असतो. काकूंनी ती शांतता नापसंती म्हणून ऐकली.

समोरचे पर्याय

सोडून देणं हा पर्याय काका, म्हणजे त्यांचे यजमान, रोज सुचवत होते. प्रेमापोटीच, बायकोला रात्री झोप लागत नाही हे ते बघत होते.

दुसरा पर्याय व्हिडिओचा. एबीआरएसएमने २०२० पासून परफॉर्मन्स ग्रेड सुरू केल्या आहेत: चार पीस, मधे रेकॉर्डिंग न थांबवता, एका दमात वाजवून पाठवायचे. स्केल नाहीत, साइट रीडिंग नाही, समोर परीक्षक नाही. मला हा मार्ग सोयीचा वाटला आणि मी तो जोर देऊन मांडला. काकूंनी दोन कारणांनी नकार दिला. ऑरलमध्ये त्यांचे हक्काचे गुण होते, ते गेले असते. दुसरं कारण त्यांच्या शब्दांत: "मनासारखं होईपर्यंत वीस वेळा रेकॉर्ड करीन. मग माझी भीती गेली की नाही, हे मला कसं कळणार?"

तिसरा पर्याय ग्रेड तीनचा. तो त्यांना अपमान वाटला. आधी तीन दिली असती तर बरं झालं असतं, पण चारमध्ये नापास झाल्यावर तीनला बसवणं वेगळं, हे मलाही पटलं.

चौथा पर्याय औषधाचा. व्हायोलिन वाजवणाऱ्या एका नातेवाइकाने त्यांना प्रोप्रानोलॉलबद्दल सांगितलं होतं. हृदयाची धडधड आणि हाताचा थरथराट कमी होतो म्हणून कार्यक्रमाआधी ते घेणारे वादक आहेत. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी हातात घ्यायची नाही. बरं झालं. काकूंना लहानपणापासून दमा आहे, आणि दमा असलेल्याला हे औषध चालत नाही. श्वासनलिका आवळू शकतात. डॉक्टरांनी तिथल्या तिथे नाही म्हटलं.

उरला तो पर्याय पुन्हा त्याच परीक्षेचा, सरावाची पद्धत मुळापासून बदलून. हाती सात महिने होते.

एक उपप्रश्न होता: क्लेमेंटी ठेवायचा की बदलायचा? मी बदला म्हणत होतो. ज्या जागी माणूस एकदा पडला तिथे पाय पुन्हा अडखळतो, आणि यादीत दुसरे सोपे पर्याय होते. काकू हटून बसल्या. "तो सोडला तर कायम मानेवर बसेल." शेवटी क्लेमेंटी राहिला आणि १७ गुणांचा दुसरा पीस आम्ही बदलला. त्या जागी बुर्गम्युलर या संगीतकाराची एक छोटी रचना घेतली, गाण्यासारखी, त्यांच्या स्वभावाला जवळची.

काय काय केलं

सगळ्यात आधी वाद्य. ६१ हलक्या पट्ट्यांवर सराव करून खऱ्या पियानोवर परीक्षा देणं म्हणजे टेबलटेनिसच्या बॅटने सराव करून क्रिकेट खेळायला जाणं. ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो त्यांनी घेतला आणि दर शनिवारी माझ्याकडच्या लाकडी पियानोवर यायला लागल्या. पहिले तीन आठवडे मनगट दुखलं. हे पहिल्या परीक्षेच्या आधीच व्हायला हवं होतं. खर्चाचा विषय काढायला मी कचरलो होतो.

मग "पहिली फेरी". रोज सकाळी, डबे भरून झाल्यावर, वॉर्म-अप न करता, क्लेमेंटी एकदाच वाजवायचा. फोनवर रेकॉर्डिंग चालू. चुकलं तरी थांबायचं नाही, मागे जायचं नाही; हवं तर एक हात सोडा, पण लय चालू ठेवा. झालं की वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: कुठे अडखळलं, थांबले का, वेग किती. दुसऱ्यांदा वाजवायचा तर संध्याकाळी. मुलीची जुनी चौकटीची वही यासाठी निघाली.

पहिल्या पंधरा दिवसांतल्या बहुतेक पानांवर "थांबले" असं लिहिलं आहे. काकू हवालदिल झाल्या. संध्याकाळच्या नवव्या फेरीचं समाधान मी काढून घेतलं होतं आणि हातात उरलं होतं ते त्यांचं खरं आजचं वाजवणं. एका शनिवारी म्हणाल्या, "पूर्वी निदान खोटं समाधान तरी होतं." तेव्हा हा प्रयोग सोडायचा का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. सोडला नाही, कारण वहीत एक गोष्ट दिसत होती: अडखळण्याच्या जागा रोज बदलत नव्हत्या. त्याच चार जागा पुन्हा पुन्हा येत होत्या. चार जागा दुरुस्त करता येतात.

साखळी तोडण्यासाठी आम्ही क्लेमेंटीचे सात तुकडे पाडले. नोटेशनवर पेन्सिलीने क ते छ अशी अक्षरं लिहिली. प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या बारला हात कसा पडतो, हे स्वतंत्र पाठ करायचं. मग सात चिठ्ठ्या करून मसाल्याच्या एका रिकाम्या डबीत टाकल्या. चिठ्ठी काढायची, निघेल तिथून वाजवायचं. पुढे त्याच डबीत दुसऱ्या पीसच्या आणि स्केलच्या चिठ्ठ्याही टाकल्या, म्हणजे आत्ता क्लेमेंटीचा "घ", नंतर एकदम एखादं स्केल, मग बुर्गम्युलर.

अशा सरमिसळ सरावात घरी जास्त चुका होतात. काकूंची तक्रार तीच होती. त्यांना मी १९७९चा शे आणि मॉर्गन यांचा प्रयोग सांगितला. हाताच्या हालचाली शिकवताना एका गटाला एकेक हालचाल सलग घोटवली, दुसऱ्याला सगळ्या मिसळून दिल्या. सरावाच्या वेळी सलग घोटणारे पुढे होते. नंतर पुन्हा तपासलं तेव्हा मिसळून शिकणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. काकू बँकेतल्या, त्यांना मोजमाप पटतं. चिठ्ठ्या चालू राहिल्या.

डाव्या हाताला रोज दहा मिनिटं एकट्याला. क्लेमेंटीचा डावा हात त्या न बघता, उजव्याशिवाय, आधी तोंडाने सूर म्हणत वाजवायला शिकल्या. माझ्या मते या सात महिन्यांतलं सगळ्यात मोलाचं काम हे. भाता हलवणारा हात पहिल्यांदा गायला लागला.

स्केलच्या बाबतीत उलट पेटीच मदतीला आली. मायनर स्केलचे प्रकार त्यांच्या डोक्यात गोंधळायचे. एकदा मी हार्मोनिक मायनर वाजवलं तर त्या सहज म्हणाल्या, "हे कीरवाणी आहे." मग बसून सगळी जोडणी केली: मेजर म्हणजे बिलावल, हार्मोनिक मायनर म्हणजे कीरवाणीचे सूर, मेलोडिक मायनर चढताना पटदीपचे सूर आणि उतरताना आसावरी थाटाचे. आरोह-अवरोह वेगळे असणं त्यांना नवीन नव्हतंच. पाच वर्षं मी त्यांना हे जणू परक्या मुलखातलं काही म्हणून शिकवत होतो, याचं मला वाईट वाटलं. अंगठा कुठे खालून घालायचा, हे मात्र वेगळं घोटावंच लागलं.

भीतीचा सराव शरीराला द्यावा लागतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आठवड्यातून दोनदा पहिल्या फेरीआधी हात गार पाण्याखाली धरायचे आणि तशाच बोटांनी सुरू करायचं. दम्यामुळे डॉक्टरांना विचारून, एक मजला जिना चढून, धडधडत्या छातीनेही वाजवून बघायचं. हेतू एवढाच की परीक्षेत ते घडेल तेव्हा अनोळखी वाटू नये.

एक उपाय त्यांना लागू पडला नाही. भीती वाटते तेव्हा "मला उत्साह आलाय" असं स्वतःला सांगा, असं सुचवणारं संशोधन आहे. काकू म्हणाल्या, "सर, मला माहितीय की ते खोटं आहे." तो विषय तिथेच सोडला. होरोविट्झसारखा पियानोवादक १९५३ ते १९६५ अशी बारा वर्षं मंचावर आलाच नाही, हे सांगितल्यावर मात्र त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "पण आला ना परत."

साइट रीडिंगला आम्ही रोज पाच मिनिटं ठरवली आणि आठवड्यातले तीन-चार दिवस ती टळली.

रंगीत तालमी

शेवटच्या सहा आठवड्यांत पाच रंगीत तालमी झाल्या. पहिली घरात काकांसमोर. दुसरी त्यांच्या भजनी मंडळातल्या सहा बायकांसमोर. त्या बायकांना आधी बजावून ठेवलं होतं, की वा नाही, टाळी नाही, मान डोलवायची नाही. त्यातल्या एकीला ते शेवटपर्यंत जमलं नाही.

तिसऱ्या तालमीला मी परीक्षक झालो. टेबल-खुर्ची, समोर कागद, चेहरा कोरा. त्या वाजवत असताना मी सलग लिहीत होतो. दोन पीसच्या मधे पूर्ण एक मिनिट काही बोललो नाही. त्या मिनिटात काकूंचा उजवा पाय थरथरताना मला दिसत होता. नंतर मी तो कागद त्यांना दाखवला: तूरडाळ, साबण, दूधवाल्याचे पैसे, असं दोन पानं भरून. त्या आधी हसल्या, मग डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे लिहिणं म्हणजे चुका मोजणंच असं नाही." त्यानंतर त्या शांततेत काय करायचं, तेही ठरवलं: हात मांडीवर, श्वास सावकाश सोडायचा, आणि पुढच्या पीसचे पहिले दोन बार ज्या वेगात वाजवायचे त्याच वेगात मनात गायचे. गाणं संपलं की हात वर.

वेगाचा प्रश्न याच युक्तीने सुटला. घरी त्यांचा क्लेमेंटी मेट्रोनोमवर, म्हणजे ठोके देऊन लय दाखवणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला ११२ ठोक्यांच्या आसपास जायचा. दुसऱ्या तालमीचं रेकॉर्डिंग मोजलं तर १३२ निघाला. मनात गाऊन सुरू केलेल्या चौथ्या तालमीत ११६. गळ्याला पळायची सवय नव्हती, ती बोटांना होती.

शेवटच्या दोन तालमी एका सहकारी शिक्षिकेकडे, अनोळखी पियानोवर झाल्या. तिथे स्टूल मुद्दाम वर चढवून ठेवलं होतं. चौथ्या वेळी काकू पुन्हा तशाच बसल्या. पाचव्या वेळी त्यांनी "एक मिनिट हं" म्हणून ते खाली घेतलं.

परीक्षेचा दिवस

क्रम आपल्याला निवडता येतो, याचा पहिल्या वेळी आम्ही मिळून नीट विचारच केला नव्हता. या वेळी स्केल आधी, हात गरम व्हायला. मग बुर्गम्युलर, मग तिसरा पीस, क्लेमेंटी शेवटी. मी स्केलऐवजी बुर्गम्युलरने सुरू करा म्हणत होतो, कारण स्केल चुकली तर मन खचेल. दोन्ही क्रम तालमीत करून पाहिले आणि स्केलचा चांगला गेला, म्हणून तो ठेवला.

बाहेरच्या खोलीत काकू मुलांपासून लांब बसल्या, हातात गरम पाण्याची बाटली. आत गेल्यावर स्टूल खाली घेतलं, दोन-तीन स्वर वाजवून पाहिले. बोटं गारच होती. क्लेमेंटीत डावा हात चुकला, पण जुन्या जागी नाही. पुढे, "ङ" तुकड्यात, जिथे कधीच चुकला नव्हता. "दोन बार नुसता उजवा हात वाजवला आणि 'च' वर डावा येऊन मिळाला," असं त्यांनी बाहेर येऊन सांगितलं. थांबल्या नाहीत.

निकाल

पीस २५, २४, २२, स्केल १७, साइट रीडिंग १४, ऑरल १७. एकूण ११९. मेरिटला एक गुण कमी.

क्लेमेंटीला २२. गेल्या वेळी तिथेच १६ होते. एका गुणाची चुटपुट मलाच जास्त लागली. काकूंनी गुणपत्रिका या वेळी घडी न घालता आणली होती. भीती गेली का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, तेवढीच होती. पाय या वेळीही थरथरत होता.

पुन्हा करायचं झालं तर

थेट ग्रेड चारला बसवण्याआधी मी त्यांना एखादी खालची ग्रेड द्यायला लावीन, नुसतं त्या खोलीत एकदा बसून येण्यासाठी. प्रौढ विद्यार्थ्याला मानाचा प्रश्न असतो म्हणून आम्ही शिक्षक हा विषय काढत नाही. पण मान पुढे जास्त दुखावला जातो.

साइट रीडिंग बारावरून चौदावर आलं, म्हणजे जेमतेम काठावर. परीक्षेत नवं नोटेशन बघायला अर्धं मिनिट मिळतं आणि त्या वेळात वाजवूनही बघता येतं. काकू ते अर्धं मिनिट नुसतं बघण्यात घालवायच्या. स्केल कोणतं, ताल कोणता, अवघड बार कुठला, आणि तो बार हळू वाजवून घेणं, एवढं ठरलेलं काम त्या वेळेला द्यायला हवं होतं. तो एक गुण इथे होता. ही कुचराई आम्हा दोघांची.

तालमी सहा आठवडे आधी सुरू करण्याऐवजी चार महिने आधी, पीस कच्चे असतानाच सुरू करीन. पक्कं झाल्यावर लोकांसमोर वाजवायचं, असं आपण धरून चालतो. पण लोकांसमोर कच्चं वाजवून पुढे जात राहणं हेच तर शिकायचं असतं.

क्लेमेंटीबद्दल मात्र आमचं अजून एकमत नाही. बदलला असता तर १२०च्या पुढे गेलो असतो, असं मला वाटतं. काकूंना वाटतं, पहिल्या वेळी पडल्या ती जागा पार झाली, त्यापुढे मेरिट काहीच नाही. सध्या त्या ग्रेड पाचचे पीस बसवताहेत. डबीत नव्या चिठ्ठ्या आहेत, सकाळची पहिली फेरी चालू आहे, वही दुसरी सुरू झाली आहे.

हे लिहिलेलं वाचून त्यांनी एकच भर घालायला सांगितली. स्टुलाला मूठ दोन्ही बाजूंना असते. दोन्ही हातांनी एकदम फिरवायची, बसायच्या आधी, उभ्याने. नवख्या माणसाला हे कोणी सांगत नाही, म्हणाल्या, तेवढं लिहा.